सल्ला : पंधरा दिवसांसाठी नेपाळला शिकवायला जावं का?

पत्र

नमस्कार,

गेल्या मे महिन्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. ३४ वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीच्या वर्गावर. आता घरात बसवत नाही. हे शेताकडे बघतात, मुलगा-सून पुण्यात असतात. माझ्याबरोबरच निवृत्त झालेली मैत्रीण आणि मी, दोघींनी एका संस्थेची जाहिरात पाहिली. नेपाळमध्ये १५ दिवसांची सेवा आणि संस्कृती सहल. सकाळी काठमांडूजवळच्या अनाथाश्रमात तीन तास मुलांना इंग्रजी, गाणी, गोष्टी शिकवायच्या. दुपारी नेपाळी स्वयंपाक, विणकाम, थोडी भाषा. मध्ये दोन दिवस पोखरा. शेवटी प्रमाणपत्र. प्रत्येकी १,३५,००० रुपये, विमानभाडं वेगळं. महिनाअखेरपर्यंत २०,००० भरून जागा पक्की करायची आहे. माझं माहेर विट्याचं. आमच्याकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, काठमांडूत आहेत, त्यामुळे अडीअडचणीला आपलं माणूस आहे.

मुलगा म्हणतो, "आई, फिरायचंय तर सरळ फिरायला जा, सेवेचं नाव कशाला?" ते मनाला लागलं. फंडाचे पैसे माझ्या कष्टाचे आहेत, चांगल्या कामी लागावेत एवढीच इच्छा. १५ दिवसांत माझा तिथे खरंच काही उपयोग होईल, की मी नुसती मिरवून येईन? वह्या-पेन्सिली आणि खाऊ किती न्यावा तेही सांगा.

एक निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर

बाई, सप्रेम नमस्कार.

उत्तर आधी देते, कारणं मागून सांगते. नेपाळला जरूर जा. पण या सहलीबरोबर जाऊ नका आणि ते २०,००० भरू नका. तुमच्या इच्छेत काही खोट नाही. खोट आहे ती सकाळच्या त्या तीन तासांत.

तुम्ही इतकी वर्षं वर्गावर उभ्या राहिलात, त्यामुळे हे समजायला तुम्हाला वेळ लागणार नाही. डी.एड.चे छात्राध्यापक सराव पाठाला यायचे ते आठवा. रंगीत तक्ते, नवी गाणी, नवा आवाज. पहिलीची पोरं दोन दिवसांत त्यांना चिकटायची. मग त्यांचा शेवटचा दिवस यायचा. कुणी जास्वंदीचं फूल आणायचं, कुणी वहीचं पान फाडून त्यावर घर आणि सूर्य काढून द्यायचं, एखादी मुलगी ओढणी धरून सोडायचीच नाही. आणि सोमवारी तुम्ही वर्गात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "बाई, त्या बाई कधी येणार?" तेव्हा वर्ग सावरायला तुम्ही होतात. संध्याकाळी त्या मुलीला घरी आई होती. आता अशी जागा डोळ्यांसमोर आणा, जिथे संध्याकाळी जायला घर नाही आणि 'त्या बाई' दर पंधरवड्याला बदलतात. वर्षातून चोवीस-पंचवीस वेळा कुणीतरी येतं, लळा लावतं, फोटो काढतं आणि निघून जातं. अशा ठिकाणची मुलं पहिल्या दिवशीच अनोळखी पाहुण्याच्या गळ्यात पडतात. पाहुण्याला भरून येतं, किती प्रेमळ मुलं आहेत म्हणून. मुलांच्या मनाचा अभ्यास करणारी माणसं मात्र नेमकी याच गोष्टीने अस्वस्थ होतात. ज्या मुलाला जवळचं आणि परकं यातला फरक कळेनासा झाला, ते कुणाचाही हात धरून चालायला लागतं.

हा झाला मनाचा भाग. त्याच्या मागे एक व्यवहार आहे, आणि तो तुम्हाला माहीत असलाच पाहिजे.

नेपाळच्या वायव्य टोकाला, तिबेटच्या सीमेला लागून हुम्ला नावाचा जिल्हा आहे. अतिशय दुर्गम आणि गरीब. १९९६ ते २००६ अशी दहा वर्षं नेपाळमध्ये माओवादी आणि सरकार यांच्यात युद्ध चाललं होतं. त्या काळात गावोगाव दलाल फिरले. मुलाला काठमांडूला पाठवा, चांगल्या शाळेत घालतो, तिथे जिवाला धोका नाही, असं सांगत. आईबापांनी होतं-नव्हतं ते मोडून त्यांना पैसे दिले. मुलं काठमांडूत पोचली, बालगृहांत ठेवली गेली आणि कागदावर अनाथ झाली. आईवडील वारल्याचे खोटे दाखले तयार झाले. परदेशी पाहुणे येत, चार दिवस मुलांत रमत, परत जाऊन देणग्या पाठवत. देणग्या चालू राहायच्या तर मुलंही येत राहायला हवीत, म्हणून दलाल पुन्हा डोंगराकडे वळत. पुढे काही कार्यकर्त्यांनी या मुलांचे फोटो घेऊन दिवसचे दिवस पायपीट करत हुम्लातली गावं गाठली, तेव्हा अनेकांचे आईबाप जिवंत सापडले. आपलं लेकरू शहरात शिकतंय, या समजुतीवर ती माणसं वर्षानुवर्षं जगत होती.

२०१५च्या भूकंपानंतर युनिसेफने जाहीर केलेला आकडा असा, की नेपाळच्या बालगृहांतल्या ८५ टक्क्यांहून अधिक मुलांची आई किंवा वडील, निदान एक तरी हयात आहे. ही बालगृहं आहेत कुठे, तर बहुतेक काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवर. गरज जिथे जास्त तिथे ती नाहीत, पाहुणे जिथे जास्त तिथे आहेत. कंबोडियात हेच घडलं. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथल्या अनाथालयांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली, आणि तिथेही बहुसंख्य मुलांचे पालक हयात होते. म्हणून आता जगभर याकडे कडक नजरेने बघतात. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७मध्ये आधुनिक गुलामगिरीची चौकशी करताना अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचा विचार केला. २०१९च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेचे धोके नोंदवले. खुद्द नेपाळचा २०१८चा बालविषयक कायदा सांगतो, की मूल आधी नातलगांकडे, मग दुसऱ्या कुटुंबात, आणि बालगृह हा अगदी शेवटचा पर्याय.

तुमच्या जाहिरातीतला आश्रम असाच आहे असा आरोप मी करत नाही. मी तो पाहिलेला नाही. पण एक साधी कसोटी लावा. साताऱ्यातल्या एखाद्या बालगृहात परदेशातून दोन अनोळखी बायका आल्या, १५ दिवसांचे पैसे भरले आणि म्हणाल्या, रोज तीन तास आम्हाला मुलांजवळ बसू द्या. तुम्ही त्या बालगृहाच्या अधीक्षक असतात तर त्यांना आत घेतलं असतं का? चौकशीशिवाय, पोलिसांच्या दाखल्याशिवाय, मुलांची भाषा येत नसताना? जे बालगृह मुलांची नीट काळजी घेतं ते पंधरवड्याच्या पाहुण्याला मुलांजवळ सोडत नाही. आणि जे सोडतं तिथे तुम्ही जाऊ नये.

तुमच्या मुलाचं म्हणणं म्हणूनच अर्धं बरोबर आहे. सरळ प्रवासी म्हणून जाण्यात कमीपणा काहीच नाही. पण उरलेल्या अर्ध्यात तो तुमच्यावर अन्याय करतो. परक्या देशात जाऊन राहावं, शिकावं, हाताने काहीतरी करावं, ही ओढ खरी आहे आणि तिची परंपराही मोठी आहे. ती आपल्या अंगणापर्यंत आलेली आहे.

पिएर सेरेसोल नावाचे एक स्विस गृहस्थ होते. पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेलं फ्रान्समधलं एक गाव पुन्हा उभारायला १९२०मध्ये ते काही मित्रांना घेऊन गेले, आणि त्यातून आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांची चळवळ उभी राहिली, सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, तेव्हा हेच सेरेसोल मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन भारतात आले. राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याशी जोडून घेऊन मुझफ्फरपूरकडच्या गावांच्या पुनर्वसनात त्यांनी मातीत हात घातले. पुढे १९५०च्या दशकात याच संस्थेचे वेगवेगळ्या देशांतले तरुण वरोऱ्याजवळ आनंदवनात आले. कुष्ठरोग्यांच्या सावलीलाही लोक उभे राहत नव्हते त्या काळात ही पोरं तिथे राहिली, तिथलं जेवली आणि दवाखान्याच्या इमारतींसाठी घाम गाळला. मला त्यांच्या कामात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी : काय बांधायचं हे बाबा आमट्यांनी आणि तिथल्या माणसांनी ठरवलं होतं. पाहुण्यांनी ठरवलं नाही. पाहुणे नसते तरी काम चालूच राहिलं असतं, ते आल्यामुळे लवकर झालं. आणि ते गेल्यावर मागे भिंत उरली, कुणाचं रडणारं मूल उरलं नाही.

थोडक्या दिवसांची सेवा चांगली कुठली, हे मी यावरून ठरवते. हाताचं काम असावं, तिथल्यांनी काढलेलं असावं, आणि आपण उद्या निघून गेलो तरी कुणाचं अडू नये. पायवाटेची डागडुजी, झाडं लावणं, पाण्याच्या टाकीला विटा वाहून देणं, गावच्या जत्रेआधीची साफसफाई. अशा कामाला १५ दिवस पुरतात. लहान मुलांच्या मनाशी नातं जोडायला पुरत नाहीत.

मग ३४ वर्षांचं शिकवणं वाया का? मुळीच नाही. पण ते वापरायचं कसं ते बघू.

कुमठे बीट, म्हणजे कुमठे भागातल्या शाळांचा गट, तुम्हाला मी काय सांगणार, ते तुमच्याच जिल्ह्यातलं. ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलं स्वतः हाताळून शिकतात असे वर्ग बघायला महाराष्ट्रभरातून शिक्षकांच्या गाड्याच्या गाड्या तिथल्या शाळांत येत होत्या. आलेल्या शिक्षकांनी काय केलं? वर्ग आपल्या ताब्यात घेतला नाही. मागे बसले, फरशीवर आखलेले तक्ते बघितले, बाटल्यांची झाकणं आणि काड्यांचे गठ्ठे घेऊन मुलं दशक-एकक कसं मांडतात ते बघितलं, मधल्या सुट्टीत तिथल्या बाईंना शंका विचारल्या आणि आपल्या शाळेत जाऊन करून पाहिलं. एका दिवसाची भेट, पण तिचा उपयोग वर्षानुवर्षं झाला. नेपाळच्या शाळेत तुम्ही अशाच जा. वर्गाच्या मागच्या बाकावर बसा. तिथल्या शिक्षिकेने स्वतःहून विचारलं, की तुमच्याकडे जोडाक्षरं कशी शिकवता, तर शाळा सुटल्यावर तिच्याजवळ बसून दाखवा. लिपी एकच आहे, देवनागरी. पहिलीच्या मुलाला 'क्ष' आणि 'ज्ञ' जिथे अडतात, तिथेच ती नेपाळमध्येही अडत असणार, आणि त्यावर बोलायला तुम्हा दोघींना दुभाष्याची फारशी गरज पडणार नाही. तुम्ही तिला दिलेली एखादी युक्ती ती पुढची वीस वर्षं वापरेल. तिच्या वर्गात तुम्ही १५ दिवस इंग्रजी गाणी म्हटलीत तर तिचा तेवढा अभ्यासक्रम मागे पडेल, बाकी काही होणार नाही.

एक नियमाची बाब. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण म्हणून कुठल्याही शाळेत शिरून शिकवायची मुभा मिळते असं नाही. पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी माणसाने बिनपगारी कामही परवानगीवाचून करू नये, असा तिथला दंडक आहे. २०१५च्या राज्यघटनेने शालेय शिक्षण स्थानिक पालिकांच्या हाती दिलं. अशा एकूण ७५३ गाउँपालिका आणि नगरपालिका आहेत. आपल्या शाळा व्यवस्थापन समितीसारखीच तिथे विद्यालय व्यवस्थापन समिती असते. तेव्हा नुसतं वर्ग बघायला जायचं असलं तरी मुख्याध्यापकांना आधी पत्र लिहा, आणि पालिकेच्या शिक्षण विभागाला कळवायला त्यांनाच सांगा. तुमच्या शाळेत कुणी न सांगता येऊन बसलं असतं तर केंद्रप्रमुखांनी काय म्हटलं असतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. विट्याकडची जी मंडळी काठमांडूत आहेत त्यांना शाळा गाठून द्यायची विनंती करा. तिथे दुकान टाकून राहिलेल्या माणसाला कुठल्या शाळेत नीट शिकवतात हे जाहिरातीपेक्षा चांगलं माहीत असतं, कारण त्याची स्वतःची मुलं तिथे शिकलेली असतात.

आता कधी आणि कुठे. नेपाळमधलं शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे आपल्या एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं. तेव्हा तिथे मुलांना शाळेत दाखल करण्याची मोहीम चालते. पटनोंदणीसाठी दारोदार फिरलेल्या बाईला ते बघायला आवडेल. शनिवार सुट्टीचा असतो हे लक्षात ठेवा, रविवारी शाळा आहे का ते आधी विचारून घ्या. दसऱ्या-दिवाळीच्या काळात, म्हणजे त्यांच्या दशैं आणि तिहारमध्ये शाळा बंद असतात. पावसाळ्यात डोंगरात दरडी कोसळतात, तेव्हा जून ते सप्टेंबर नकोच. माझं मत, एप्रिलच्या अखेरीस निघावं.

या दिवसांत जाण्याचं आणखी एक कारण आहे. काठमांडूला लागूनच पाटण आहे, तिथे साधारण याच सुमारास रातो मच्छिंद्रनाथाची रथयात्रा भरते. तिथी दरवर्षी बदलते, ती विचारून घ्या. आपल्याकडे मच्छिंद्रनाथ म्हणजे नाथपंथाचे आद्य गुरू, सावरगावच्या मायंब्याला गर्दी होते ते. नेपाळमध्ये तो पावसाचा देव आहे. हिंदू त्याला मच्छिंद्रनाथ म्हणून पुजतात, बौद्ध करुणामय म्हणून. लाकूड आणि वेत बांधून कित्येक मजली घराएवढा उंच रथ उभा करतात. तो उभारण्याचा मान ठरावीक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. लाकूडकाम बाराहींचं, वेताची आणि दोरांची बांधणी यंगवालांची. जाड दोर शेकडो माणसांच्या हातात असतात आणि अरुंद रस्त्यातून रथ डुलत, कलत, थबकत सरकतो. रथ कुठे अडला तर सगळी गल्ली एका सुरात ओरडते. हे सगळं चालवणाऱ्या गुठी नावाच्या संस्था आहेत, घराण्यांच्या आणि आळ्यांच्या. त्यांच्या जमिनी असतात, कामं वाटून दिलेली असतात, आणि जत्रेपासून अंत्यविधीपर्यंत त्या बघतात. समाजाने समाजाची सेवा कशी बांधून ठेवली आहे हे पाहायचं असेल तर पाटणच्या गल्ल्यांत चार दिवस काढा. कुणी दोराला हात लावायला बोलावलं तर लावा. ती तुमची तिथली पहिली सेवा समजा.

नंतर पोखराकडे जा आणि तिथून स्यांग्जा जिल्ह्यातल्या सिरुबारीला. गुरुंगांचं गाव आहे. नेपाळमध्ये गावच्या घरात पाहुणे ठेवण्याची पद्धत १९९७मध्ये याच गावाने सुरू केली. गुरखा पलटणींतून निवृत्त झालेल्या सैनिकांची इथे बरीच घरं आहेत, भारतीय सैन्यात नोकरी केलेलेही आहेत, त्यामुळे हिंदीवर तुमचं निभेल. पाहुणा आला की पंचेबाजा वाजवून, हार घालून त्याला वेशीवरून आणतात. कुणी कुठल्या घरी राहायचं हे पाहुणा ठरवत नाही, गावची समिती पाळीपाळीने ठरवते, म्हणजे एकाच घरी पैसा साठत नाही. गावच्या निधीलाही वाटा जातो. तुम्ही चुलीशी बसून ढिंडो, म्हणजे पिठाची घट्ट उकड, ढवळायला शिकाल, गुंद्रुकची, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची आंबूस भाजी खाल. सकाळचं जेवण दहाच्या आसपास आणि रात्रीचं दिवेलागणीनंतर, दोन्ही वेळा डाळ-भात-तरकारी. मध्ये चहा आणि काहीतरी तोंडात टाकायला. गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या असतील तर वेळ आधीच बसवून घ्या. उष्ट्या-खरकट्याचे नियम आपल्या आजीच्या घरासारखे कडक आहेत, तेव्हा आपला चमचा दुसऱ्याच्या ताटात नको.

गुरुंग गावांत आमा समूह असतात, आयांचे गट. तुमच्या बचत गटासारखे म्हणा. पाहुण्यांपुढे नाच-गाणी करून जमलेला पैसा गटात जातो आणि त्यातून वाटा, पाणी, समाजमंदिर असली कामं होतात. तुम्ही यजमानीणबाईंना इतकंच विचारा, की या आठवड्यात गटाचं काही श्रमदान आहे का, असेल तर आम्ही दोघी येऊ का. असेल तर कंबर कसून जा. नसेल तर तुमच्यासाठी मुद्दाम काढायला लावू नका. पाहुण्यांना सेवेचा आनंद मिळावा म्हणून एकच भिंत दर महिन्याला रंगवून घेतल्याच्या गोष्टी या क्षेत्रातल्या लोकांनी पुष्कळ ऐकल्या आहेत.

दोन शब्द तिथल्या स्वयंसेविकांविषयीही. नेपाळमध्ये १९८८पासून महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका आहेत, आज त्यांची संख्या ५० हजारांच्या घरात आहे. आपल्या आशाताईंसारख्या. बाळंतिणींकडे लक्ष ठेवायचं, मुलांना जीवनसत्त्व अ पाजायचं, जुलाब झाले की जलसंजीवनी द्यायची, अशी कामं त्या वर्षानुवर्षं करत आल्या आहेत, आणि मोबदला नावापुरता. आपण १५ दिवसांसाठी सेवा करायला जातो त्या देशात सेवा कुणी करतच नव्हतं, असा भाव मनात येऊ देऊ नका. शक्य झालं तर अशा एखाद्या दिदीबरोबर एक सकाळ बसा आणि तिच्याकडून ऐका. पहिल्या-दुसऱ्या दिवशी 'तपाईं' हे आदराचं संबोधन जिभेवर बसवून घ्या, तेवढ्याने दारं उघडतात.

आता पैसे. भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर कित्येक वर्षं बांधलेला आहे. म्हणजे तुमचे १,३५,००० म्हणजे नेपाळमधले २,१६,०००. तिथल्या प्राथमिक शिक्षकाचा कित्येक महिन्यांचा पगार यात निघतो. त्या संस्थेला एक लेखी प्रश्न विचारून बघा : यातले किती पैसे नेपाळमधल्या यजमानांच्या हाती पडतात आणि किती तुमच्याकडे राहतात? चांगली संस्था आकडे देते. जी संस्था भावनेच्या गोष्टी सांगायला लागते, तिच्यापासून लांब राहा, अनाथाश्रम वगळून दुसरं काम द्यायला तयार झाली तरी. तुम्ही दोघींनी मी म्हणते तसं स्वतः ठरवून गेलात तर खर्च बराच कमी येईल, आणि जो होईल तो घरमालकिणीच्या, बसवाल्याच्या, वाटाड्याच्या हातात पडेल. प्रवासाचा विमा मात्र उतरवा, तिथे कंजुषी नको.

वह्या-पेन्सिली इथून वाहून नेऊ नका. शाळेत जाणं ठरलं तर मुख्याध्यापकांना विचारा काय कमी आहे, आणि ते तिथल्याच बाजारातून घ्या. दुकानदारालाही चार पैसे मिळतील. वस्तू मुख्याध्यापकांच्या हाती द्या, मुलांना रांगेत उभं करून वाटू नका. खाऊ अजिबात नको. पाहुणा दिसला की हात पसरायची सवय मुलांना लागते, आणि ती पाहुण्यांनीच लावलेली असते. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो काढू नका, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर नाहीच. रथाचे, डोंगरांचे, चुलीवरच्या ढिंडोचे हवे तेवढे काढा.

एवढं सांगूनही तुमच्या पत्रातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. 'घरात बसवत नाही.' बाई, तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत आणि त्या तुम्ही एकाच सहलीत कोंबू बघताय. एक, जग बघायचं आहे, ते ३४ वर्षं राहून गेलं. दुसरी, अजून आपण कामाच्या आहोत हे अनुभवायचं आहे. पहिली नेपाळमध्ये पुरी होईल. दुसरीसाठी मी तुम्हाला तुमच्याच जिल्ह्यात पाठवेन.

दरवर्षी गळिताचा हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कारखान्यांवर उतरतात. कोप्यांतून, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांतून राहतात. पहाटे आईबाप फडात जातात आणि सहा-सात वर्षांचं पोर धाकट्याला सांभाळत कोपीपाशी थांबतं. गावची शाळा मागे सुटलेली, इथल्या शाळेत बुजतं. हंगाम संपून परत गेलं की वर्गातल्या मुलांच्या मागे पडलेलं असतं आणि हळूहळू शाळाच सुटते. काही ठिकाणी या मुलांसाठी साखरशाळा आहेत, जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवायची सोयही आहे, पण रोज सकाळी कोपीवर जाऊन त्या पोराचा हात धरून आणणारं माणूस कमी पडतं. तुम्हाला भाषा येते. पहिली-दुसरी हातखंडा आहे. मुख्याध्यापक ओळखीचे, गटशिक्षणाधिकारी ओळखीचे. आणि तुमच्याजवळ पंधरवडा नाही, नोव्हेंबर ते मार्च असा अख्खा हंगाम आहे. त्या पोराला वाचता येईपर्यंत तुम्ही थांबू शकता. नेपाळच्या अनाथाश्रमात जे देणं शक्य नव्हतं ते हेच होतं, थांबणं.

म्हणून वेळापत्रक असं धरा. हंगामभर कोप्यांवरची मुलं, मार्चमध्ये टोळ्या परतल्या की तयारी, एप्रिलच्या अखेरीस नेपाळ. मैत्रिणीलाही यात ओढा. एकट्या बाईने फडाच्या रस्त्याला रोज जाण्यापेक्षा दोघी बऱ्या, आणि दोघी असलात की घरचे कुरकुर कमी करतील. मुलाला हे पत्र वाचायला द्या. पाटणची आणि सिरुबारीची चौकशी करायचं काम त्याच्याच गळ्यात घाला.

शेवटची एक व्यवहाराची सूचना. तुमच्या वयाला नेपाळच्या विमानप्रवासासाठी आधारकार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. तुमच्या मतदार ओळखपत्रावर माहेरचं नाव आहे की सासरचं, आणि तिकीट कुठल्या नावाने निघणार, ते आजच कपाटातून काढून बघा. नावात फरक असेल तर पासपोर्टचा अर्ज आत्ताच भरून टाका, एप्रिलपर्यंत भरपूर वेळ आहे.